हातचा

नव्या पोरानं विचारलं,
तुमच्या या खुर्चीपर्यंत यायला नेमकं काय शिकावं लागतं?
मी म्हटलं, ट्रकचं वजन करायला.

त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

स्टेनविक, नॉर्थ डकोटा, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
गव्हाचं कोठार, आणि काट्यावर मी, सतरा वर्षांची.
भरलेला ट्रक आधी, रिकामा नंतर,
वजाबाकी म्हणजे गहू.
माणसं काचेला नाक लावून उभी असत
आणि काटा स्थिरावेपर्यंत कुणी खोकतसुद्धा नसे.

पुढं कोठार जळालं. मी शाळेची बस धरली.
सकाळी एकतीस, परतताना एकतीस,
मोजणी जुळल्याशिवाय ब्रेक सोडायचा नाही.
एकदा बत्तीस भरले.
बाकाखालून कुणाचा तरी मामेभाऊ निघाला,
त्याला फक्त बसमध्ये बसायचं होतं.
त्याला उतरवलं नाही. वहीत एकतीसच लिहिले.
माझ्या आयुष्यातली तेवढी एक खोटी नोंद.

मग जिल्ह्याचं इस्पितळ, तळघर, टाइपरायटर.
माणूस कशानं गेला त्याचा तीन आकडी कोड.
वडील गेले त्या आठवड्यात त्यांचा कागदही
ढिगातून माझ्याच पुढ्यात आला.
चारशे दहा.
बोट अडखळलं नाही.
हे मी कुणाला सांगत नाही, तुला का सांगितलं कोण जाणे.

मध्ये दोन वर्षं व्हॅक्यूम क्लीनर विकले.
त्याबद्दल नको.

फार्गोतल्या या कचेरीत आले ती तीन आठवड्यांसाठी:
पत्त्यांच्या यादीतली दुबार नावं काढायची होती.
चौदा ओले ओल्सन निघाले, आणि चौदाही खरे.
प्रत्येकाला फोन केला. एकानं लेफ्सा पाठवली.
देव मानतेस का, हे मुलाखतीत कुणी विचारलं नाही,
मीही विषय काढला नाही.
ते तीन आठवडे एकोणतीस वर्षं चाललेत.

दर फेब्रुवारीत दोनशे बारा मंडळ्यांचे फॉर्म येतात.
बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, रविवारची सरासरी हजेरी.
कुठं शाई, कुठं पेन्सिल, कुठं कॉफीचा डाग.
बाप्तिस्म्यांचा रकाना दरवर्षी पातळ होतो,
दफनांचा मात्र अंगानं भरतोय.
बिशपबाईंनी परवा हळूच विचारलं,
आलेखाचा उतार जरा सौम्य दाखवता येईल का?
येतो. अक्ष थोडा ताणला की येतो.
पण काट्यावर अंगठा ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत,
त्यांचे अंगठेही लक्षात आहेत.

आणि हा बघ, यंदाचा वांग मंडळीचा फॉर्म.
एकूण सभासद: एक.
मी फोन लावला. गुंडर हॉवलँड, वय अठ्ठ्याऐंशी.
म्हणाला, चूक नाही बाई,
खजिनदार मी, घंटा मी वाजवतो,
गर्दी म्हणशील तर तीही मीच.
आणि हजेरी?
थोडा विचार करून म्हणाला,
शंभर टक्के. जानेवारीत एक रविवार सोडून. बर्फ होता.

कॉम्प्युटर हे घेत नाही.
दहाच्या खाली आकडा टाकला की तो लाल होतो,
विचारतो: बंद करायची?
खाली दोनच बटणं.
मी दोन्ही दाबली नाहीत.
खणातून कागद काढला आणि बेरीज हातानं केली,
स्टेनविकला करायचे तशी, ओठ हलवत.
नऊ नि सात सोळा, नि एक सतरा.
सताराचे सात, हातचा एक.
शाळेत बाई सांगायच्या,
हातचा उत्तरात दिसत नाही,
पण विसरलात तर पुढचं सगळं चुकतं.

पोरगा स्क्रीनकडे बघत होता.
मग वांगची नोंद बंद करू ना?

पुढल्या फेब्रुवारीत बघू, म्हटलं.
आणि त्याचा फॉर्म पोस्टानं पाठवत जा,
त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही.
परतीच्या पाकिटाला तिकीट लाव.
अक्षर जरा मोठं काढ.